उपवास तुझा, राबते आई

बस असा समोर. काल एकादशीला दुपारी तुमच्याकडे आलो, तेव्हा तुझं ताट मी पाहिलं. ताटभर साबुदाण्याची खिचडी, तिच्यावर ओलं खोबरं, बाजूला बटाट्याचा कीस, राजगिऱ्याच्या पुऱ्या, दही आणि शिंगाड्याचा शिरा. त्याचा फोटो काढून तू स्टेटसला टाकलास, आणि हात धुऊन आल्यावर मला तोंड वर करून सांगितलंस, "सर, मी एकही एकादशी चुकवत नाही." तेव्हा मी गप्प बसलो, कारण आई समोर होती. आज बसणार नाही. दहावीपर्यंत तू माझ्याकडे विज्ञान शिकलास. एवढा अधिकार मला पुरतो.

आधी त्या खिचडीचं बघू. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदातून काढलेला निव्वळ स्टार्च. आपल्याकडे येतो तो बहुतेक तमिळनाडूतल्या सेलमच्या बाजूने. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात आणि प्रथिनं जवळजवळ नसतातच. त्यावर तूप, दाण्याचं कूट. तुझ्या रोजच्या पोळी-भाजी-वरणापेक्षा हे ताट कितीतरी जड. परंपरेचं नाव पुढे करशील, तर कसावा, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही चारही अमेरिका खंडातली पिकं, पोर्तुगीज आल्यानंतर इकडे रुजलेली. ज्ञानेश्वरी १२९० मधली. त्या काळच्या वारकऱ्याने एकादशीला यातलं काही पाहिलेलंही नव्हतं. आवडते तर खा ना खिचडी, खुशाल खा. पण पोटाला तडस लागेपर्यंत खाऊन उपवास केला म्हणून मिरवू नकोस.

आता जे मला खरं लागलं ते सांगतो. आदल्या रात्री साबुदाणा कोणी धुतला, बेताचं पाणी ठेवून कोणी भिजवला? सकाळी दाणे भाजून, सालं पाखडून कूट कोणी केलं? आईने. शिवाय मुलांचा डबा वेगळा, कारण मुलांना उपवास नाही. म्हणजे एका स्वयंपाकाचे दोन झाले. बटाटा किसताना त्यांच्या अंगठ्याला किसणी लागली होती; चिंधी गुंडाळून त्या पुऱ्या लाटत होत्या आणि पीठ लागून ती चिंधी पांढरी झाली होती. तुला ते दिसलं नाही. तुला दिसलं एवढंच की खिचडी जरा चिकट झाली, आणि तेवढ्यासाठी तू आवाज चढवलास. त्यांचाही उपवास होता रे! सगळ्यांचं उरकून त्या अडीच वाजता बसल्या, तेव्हा पातेल्यात तळाची खरपुडी उरली होती. ज्या व्रताने घरातली एक बाई अशी पिळून निघते, त्याचं पुण्य तू कोणत्या तोंडाने मागतोस?

मीही एकादशी करतो. दिवसभर पाणी, दुपारी पेलाभर ताक, संध्याकाळी एखादं फळ, आणि घरात कोणाला त्यासाठी चूल पेटवावी लागत नाही. भूक लागते. रोजच्या जेवणाच्या वेळेला ती कडाडून लागते, आणि काही न खाता बसलं तर थोड्या वेळाने ओसरते, कारण भुकेचा बराचसा भाग सवयीचा असतो. यकृतात साठवलेली साखर संपत आली की शरीर चरबीकडे वळतं. दुपार कलली की मला हलकं वाटतं, वाचन चांगलं होतं. त्या दिवशी राग मात्र पटकन येतो. तो येताना दिसतो, आणि दिसला की गिळता येतो. माझ्या लेखी उपवासाची खरी कमाई ही, वजनकाट्यावरची नव्हे. तुझं पोट रिकामं नव्हतं आणि राग आईवर निघाला. म्हणजे दोन्हीकडून काही हाती आलं नाही.

जपानी शास्त्रज्ञाला उपवासासाठी नोबेल मिळालं, असंही तू म्हणालास. योशिनोरी ओसुमींना २०१६ मध्ये ते मिळालं पेशी आपलेच टाकाऊ भाग कसे मोडून पुन्हा वापरते ते उलगडल्याबद्दल, आणि ते काम मुख्यतः यीस्टवर झालं. माणसाने किती तास उपाशी राहावं हे त्यात सांगितलेलं नाही. अर्धवट वाचून चारचौघांत बोलायचं नाही, हे वर्गात शिकवलं होतं मी.

आणि वडिलांचं काय चाललंय? मधुमेह असताना ते आषाढीला निर्जळी करतात, सकाळची गोळी मात्र नेमाने घेतात, आणि हे तू कौतुकाने सांगतोस! काही गोळ्या पोटात अन्न असो वा नसो, इन्शुलिन वाढवतातच. खाणं नसलं की साखर घसरते, घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बेशुद्ध पडतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला योग साधत नाही असं म्हटलंय, आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. वडिलांचा हट्ट मोडायला तू कचरतोस, कारण लोक त्यांच्या निष्ठेचं नाव काढतात. लोक दवाखान्यात रात्र काढायला येणार नाहीत.

येत्या एकादशीला साबुदाणा भिजवायचा नाही, हे आज घरी गेल्यावर आईला सांग. फळं तू आण, धुऊन तूच काप, आणि आईला आधी दे. उद्या वडिलांना डॉक्टरांकडे घेऊन जा, गोळ्यांची पाकिटं सोबत ने. उपवास झेपेल का, झेपला तर त्या दिवशी कोणती गोळी घ्यायची, कोणती नाही, हे कागदावर लिहून घे. तो कागद संध्याकाळी मला आणून दाखव.