म्हाताऱ्या मांजराची सुई

दहा-बारा वर्षांचे मांजर एकाएकी पाण्याच्या भांड्यापाशी तळ ठोकून बसू लागते. वाळूच्या ट्रेमध्ये लघवीचे गोळे दुप्पट मोठे निघतात. ताटली चाटूनपुसून साफ होते, तरी पाठीचा कणा हाताला टोचू लागतो. ज्या कपाटावर ते एका झेपेत जात असे, त्याच्यापुढे आता नुसते उभे राहते; पुढे पुढे तर मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवत खुरडत चालते. घरातली मंडळी म्हणतात, ‘वय झालं आता त्याचं.’ या चार शब्दांच्या आड आपण आजवर किती मांजरांना उपचारावाचून मरू दिले असेल, याचा विचार व्हायला हवा.

वय हा आजार नाही. ही लक्षणे मधुमेहाची असू शकतात. मूत्रपिंडाच्या आणि थायरॉइडच्या विकारांतही यांतली काही दिसतात, म्हणून रक्त आणि लघवी तपासल्याशिवाय कोणीच निकाल देऊ नये. मांजराचा मधुमेह माणसाच्या टाइप टू मधुमेहाच्या जवळचा असतो. शरीरात इन्सुलिन असते पण ते पुरेसे लागू पडत नाही, आणि हळूहळू स्वादुपिंडातल्या ते तयार करणाऱ्या पेशीही थकतात. नसबंदी झालेले, घराबाहेर न पडणारे, वजन वाढलेले वयस्कर बोके याला जास्त बळी पडतात. खाज किंवा हिरड्यांची सूज यांसाठी पुन्हा पुन्हा दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शनेही शुगर वाढवतात. म्हणून पूर्वी कोणते इंजेक्शन दिले होते, हे डॉक्टरांना विचारण्याचा आणि लिहून घेण्याचा पालकाला हक्क आहे, आणि तो बजावला पाहिजे. निदानाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पिंजऱ्यात घालून, रिक्षातून, कुत्र्यांच्या भुंकण्यातून दवाखान्यात नेलेल्या मांजराची शुगर केवळ भीतीनेही बरीच चढते. तिथे घेतलेल्या एकाच आकड्यावर त्याच्या कपाळी मधुमेह लिहिणे योग्य नाही. फ्रुक्टोसामिन नावाची रक्ततपासणी मागच्या आठवड्या-दोन आठवड्यांची सरासरी सांगते. शंका असेल तिथे ती मागून घ्यावी.

निदान पक्के झाले की बहुतेक घरांत पहिली प्रतिक्रिया भीतीची असते. रोज दोन सुया, त्याही जन्मभर? यापेक्षा त्याला शांतपणे जाऊ द्यावे, असे सुचवणारे शेजारी लगेच भेटतात. मला या सल्ल्याचे फार दुःख वाटते, कारण तो दयेच्या नावाने दिला जातो आणि अज्ञानातून आलेला असतो. इन्सुलिनची सुई केसासारखी बारीक असते. मानेमागची किंवा कुशीची सैल कातडी चिमटीत धरून ती टोचली, तर समोर ताटली असलेले मांजर बहुधा खाणेही थांबवत नाही. निदान लवकर झाले, पहिल्या काही महिन्यांतच शुगर नीट आटोक्यात आली आणि आहार बदलला, तर काही मांजरांना पुढे इन्सुलिनची गरजच उरत नाही. ही शक्यता पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत जास्त असते. ‘बघू पुढच्या महिन्यात’ असे म्हणत आपण जे घालवतो, ते हेच दिवस.

‘इथे माणसांना औषध मिळत नाही आणि तुम्ही मांजराला इन्सुलिन टोचता?’ हा प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला उत्तर दिले पाहिजे. 1889 मध्ये स्ट्रासबुर्ग येथे मिन्कोव्स्की आणि फोन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्या कुत्र्याला मधुमेह झाला. या आजाराचे मूळ कुठे आहे, ते त्यातून कळले. 1921 मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले, तेही कुत्र्यांवर प्रयोग करून. पुढच्याच वर्षी ते माणसाला टोचले गेले. त्यानंतर सुमारे साठ वर्षे, 1982 मध्ये प्रयोगशाळेत बनवलेले मानवी इन्सुलिन बाजारात येईपर्यंत, जगभरातले मधुमेही गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर जगले. आपल्या आजी-आजोबांपैकी कित्येकांचे आयुष्य मुक्या जनावरांच्या देहातून आले आहे. त्या ज्ञानाचा एक थेंब आज मांजराला परत देण्यात माणसाचे काही हिरावले जात नाही. औषधही फार थोडे लागते: साधारण मांजराची सुरुवातीची मात्रा एका वेळी एखाद्या युनिटच्या आसपास असते. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेल्यांचे अन्न, तहानलेल्यांचे पाणी, रोग्यांचे औषध आणि मुक्या प्राण्यांचे अभय एकाच यादीत येतात. माणूस की जनावर, असा पेच त्यांनी घातला नाही; आपणही घालू नये.

पण दया वाटणे वेगळे आणि ती निभावणे वेगळे. इथे निभावणे म्हणजे शिकणे. बारा-बारा तासांनी, जेवणाच्या वेळी, डॉक्टरांनी ठरवलेले तेवढेच इन्सुलिन. आपल्या देशात याबाबत एक मोठा धोका आहे आणि तो पुरेसा बोलला जात नाही. आपल्याकडे मानवी इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या एका मिलिलिटरला 40 युनिटच्या असतात, तर ग्लार्जिनसारखे इन्सुलिन 100 युनिटचे. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. 40 ची सहसा लाल टोपणाची, 100 ची नारिंगी. 100 चे इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये एका युनिटच्या रेघेपर्यंत भरले, तर मांजराच्या अंगात एक नव्हे, अडीच युनिट जातात. चार किलोच्या जिवाला हा फरक प्राणावर बेतू शकतो. औषधाच्या दुकानात ‘कोणतीही चालेल’ असे उत्तर मिळाले, तर ते मुळीच स्वीकारू नये. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो की नाही, हे प्रत्येक नव्या खरेदीच्या वेळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवायचे, बर्फाच्या कप्प्यात नाही.

कमी शुगरची भीती मात्र खरी आहे आणि ती बाळगलीच पाहिजे. एखादी सुई चुकली तर त्या दिवशी शुगर थोडी वर राहील, इतकेच. दुप्पट गेली तर काही तासांत जीव जाऊ शकतो. म्हणून औषध सांडले, अंगावरच्या केसांत गेले, किंवा घरातल्या दुसऱ्या कोणी आधीच टोचले की काय अशी शंका आली, तर पुन्हा टोचायचे नाही. मांजराने खाल्लेच नाही, उलटी केली, तर नेहमीची मात्रा न देता आधी डॉक्टरांना फोन. ते झोकांड्या देऊ लागले, नजर हरवली, अंग थरथरले किंवा झटके आले, तर मध किंवा ग्लुकोजचे दाट पाणी बोटाने हिरड्यांवर चोळायचे आणि तडक दवाखाना गाठायचा. शुद्ध हरपलेल्या मांजराच्या तोंडात काही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. याच्या उलट, शुगर चढलेलीच राहून मांजर खाणे सोडते, ओकते, मलूल होते, तेव्हा रक्तात आम्ल साठत असते. तेव्हा सकाळ होण्याची वाट पाहणे घातक ठरते.

घरी शुगर मोजणे हे मला या सगळ्यातले सर्वांत मोठे पाऊल वाटते. कानाच्या कडेला कोमट फडके धरायचे, बारीक टोचून एक थेंब घ्यायचा. आपल्या कुशीत, ओळखीच्या पलंगावर मिळालेला आकडा दवाखान्यातल्या आकड्यापेक्षा बहुधा खरा असतो. माणसांचे ग्लुकोमीटर मांजराची शुगर बहुधा प्रत्यक्षाहून कमी दाखवतात, हे डॉक्टरांना माहीत असावे आणि आपल्यालाही. एका आकड्यावरून स्वतः मात्रा बदलू नये. एका साध्या वहीत वेळ, आकडा, किती खाल्ले, पाणी किती प्यायले आणि आठवड्याचे वजन एवढे लिहिले, तरी डॉक्टरांच्या हातात मोठा पुरावा येतो. लोकशिक्षणाबद्दल आपण एवढे बोलतो, पण स्वतःच्या घरातल्या आजाराची वही ठेवणारे घर अजून विरळाच.

आता अन्नाकडे वळतो, कारण आपल्या समाजाची खरी अडचण इथे आहे. मराठी घरांतली मांजरे पिढ्यान्‌पिढ्या दूध-पोळी आणि दूध-भातावर वाढली. त्या मांजरांनी उंदीर, पाली, चिमण्या मारून आपली गरज भागवली होती, हे आपण विसरलो. चौथ्या मजल्यावरच्या, खिडक्यांना जाळ्या लावलेल्या घरातल्या मांजराला ती सोय नाही. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. पिष्टमय पदार्थ पेलण्याची त्याच्या यकृताची ताकद तोकडी असते, आणि टॉरिन हा घटक त्याला आहारातूनच मिळावा लागतो; तो कमी पडला तर डोळे आणि हृदय दोन्ही निकामी होऊ शकतात. मधुमेही मांजराला भात आणि पोळी घालणे म्हणजे एका हाताने इन्सुलिन देऊन दुसऱ्या हाताने ते काढून घेणे. ज्या घरात मांस शिजत नाही, त्यांच्या श्रद्धेचा मला आदर आहे. पण आपले व्रत ज्याने घेतले नाही, त्याच्यावर ते लादणे धर्माच्या नावाने केलेला अन्याय आहे. मांस हाताळणे शक्य नसेल तर टॉरिनसह सर्व घटक असलेले, प्रथिने भरपूर आणि पिष्ट कमी असे डबाबंद ओले खाद्य मिळते. मांस शिजणाऱ्या घरांनीही नुसत्या उकडलेल्या कोंबडीवर विसंबू नये, त्यात कॅल्शियमसारखे घटक पुरेसे नसतात. स्वस्त कोरड्या दाण्यांत पिष्ट बरेच असते, हेही लक्षात ठेवावे. इन्सुलिन चालू असताना आहार बदलायचा तर डॉक्टरांना सांगूनच, कारण पिष्ट कमी होताच पूर्वीचीच मात्रा जास्त ठरू शकते. आणि जाड मांजराला उपाशी ठेवून बारीक करण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. काही दिवसांच्या उपासाने मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि त्यातूनही मृत्यू येतो.

मेथीचे पाणी, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड. हे सारे प्रेमाने दिले जाते, पण त्याने मांजराचा मधुमेह आटोक्यात येत नाही, फक्त दिवस वाया जातात. आजोबांच्या डबीतली शुगरची गोळी अर्धी करून देणे तर सरळ धोक्याचे आहे. मांजरांसाठी तोंडाने द्यायची नवी औषधे अमेरिकेत 2022 आणि 2023 मध्ये मंजूर झाली, पण तीही निवडक मांजरांसाठी, तपासण्या करून, डॉक्टरांच्या नजरेखाली. ज्यांना आधी इन्सुलिन दिले गेले आहे, त्यांच्यासाठी तिथल्या मंजुरीप्रमाणे ती नाहीत.

या सेवेचा भार घरात कोण उचलतो, हेही विचारले पाहिजे. मांजर ‘सगळ्यांचे’ असते आणि सकाळची-संध्याकाळची सुई मात्र घरातल्या बाईची होते. मग तिला माहेरी राहता येत नाही, लग्नाला जाता येत नाही, आणि शेवटी ‘तुझ्यामुळे झालं’ हेही तिनेच ऐकायचे. घरातल्या किमान दोन माणसांना सुई देता आली पाहिजे, आणि त्यांतला एक पुरुष असावा असा माझा आग्रह आहे. पंधरा-सोळा वर्षांची मुले हे नीट शिकतात. शेजारच्या एखाद्या घरालाही शिकवून ठेवावे. पशुवैद्यांनीही चिठ्ठी हातात देऊन मोकळे न होता, पालकाकडून सलाइनच्या पाण्याने दोन-चार वेळा टोचून घेऊन मगच त्याला घरी पाठवावे. हे शिकवणे उपचाराचाच भाग आहे, उपकार नव्हे.

आणि ज्यांना खरोखर परवडत नाही? त्यांनी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. यात लाज नाही. स्वस्त इन्सुलिन, कमी तपासण्या, धर्मादाय दवाखाना, यांतून मार्ग निघण्यासारखा असतो. काहीच शक्य नसेल आणि मांजर यातना भोगत असेल, तर पशुवैद्याच्या हातून वेदनेविना दिलेला शेवटही माणुसकीत बसतो. पण पोत्यात घालून ते मासळी बाजारात सोडून येणे माणुसकीत बसत नाही. आयुष्यभर ताटलीत जेवलेले, नीट चालता न येणारे मधुमेही मांजर बाजारातल्या बोक्यांमध्ये तहानेने आणि भुकेने मरते. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या 11व्या कलमाने उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत प्राणी सोडून देणे गुन्हा ठरवले आहे. राज्यघटनेच्या 51 क या अनुच्छेदाने तर सजीवांविषयी करुणा हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितले आहे.

एक शेवटची गोष्ट, जिच्याकडे मांजरावर जीव लावणाऱ्यांचेही दुर्लक्ष होते. रोजच्या दोन म्हणजे महिन्याला साठ सुया. त्या स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या पिशवीत गेल्या, तर सकाळी ती पिशवी उघड्या हाताने उचलणाऱ्या आणि फोडणाऱ्या सफाई कामगाराच्या बोटात रुततात. त्याला ती सुई कुणाची, माणसाची की मांजराची, हे कळायला मार्ग नसतो. पुढचे कित्येक महिने तो धास्तीत आणि तपासण्यांत काढतो. 2016 च्या घनकचरा नियमांनी वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात मोजल्या होत्या. जाड प्लॅस्टिकची, घट्ट झाकणाची बाटली घ्यावी, सुई पुन्हा टोपणात घालण्याच्या फंदात न पडता तीत टाकावी, बाटलीवर ठळक मराठीत ‘वापरलेल्या सुया’ असे लिहावे, आणि भरत आली की डॉक्टरांकडे किंवा नगरपालिकेच्या घातक कचऱ्याच्या गाडीत स्वतः द्यावी. ज्या दिवशी इन्सुलिनची पहिली बाटली घरी येईल, त्याच दिवशी ही रिकामी बाटलीही तिच्या शेजारी ठेवावी.