पिठाचा कोंबडा, परसातला कोंबडा

जैनाच्या बाईनं कोंबडीवर लिहायचं म्हणजे काय, असं काहीजणींना वाटेल. वाटणं चुकीचं नाही. माझ्या सासूबाई अंड्याचं नावसुद्धा तोंडानं घेत नसत, वेळ आलीच तर ‘ते’ म्हणत. आणि मी मात्र गेल्या उन्हाळ्यात एकवीस दिवस ‘ते’ कधी फुटतंय म्हणून वाट बघत बसले होते.

झालं असं, की नातू सुट्टीला बेळगावला आला आणि त्याच आठवड्यात शेजारच्या वहिनींची कोंबडी खुडूक बसली. वहिनी आमच्यातल्या नव्हेत, त्यांच्याकडे सगळं चालतं. त्यांच्या खुराड्यात मांजर शिरायचं. त्या म्हणाल्या, “काकू, तुमच्या परसातल्या खोपीत डालगं ठेवू काय? एकवीस दिवसांचा प्रश्न आहे.” मी विचार केला, आई पिल्लं उबवणार, यात कसलं पाप? उलट जीवदयाच की! मी हो म्हटलं. नातवाचा छंद, माझी करमणूक आणि पुण्यही पदरात, असा सोपा हिशोब होता.

कोंबडीखाली नऊ अंडी होती. ती दिवसातून एकदा उठायची, चार दाणे टिपून, पाणी पिऊन परत बसायची. चोचीनं अंडी हलकेच फिरवायची. नातू कॅलेंडरवर फुल्या मारत होता. सातव्या रात्री वहिनींनी अंधारात एकेक अंडं बॅटरीवर धरून दाखवलं. आत लाल धाग्यांसारख्या शिरा, मधे काळा ठिपका. दोन अंडी मात्र कोरी निघाली, ती त्या घेऊन गेल्या. कुठे नेली, हे मी विचारलं नाही.

एकविसाव्या दिवशी डालग्यातून चिवचिव आली. संध्याकाळपर्यंत सहा पिल्लं बाहेर पडली. सातव्यानं कवचाला भोक पाडलं आणि थांबलं. नातू रडायला लागला, “आज्जी, आपण फोडूया की गं!” वहिनी म्हणाल्या, “हात लावू नकोस बाळा, आतल्या शिरा अजून जित्या असतात, रक्त जाईल.” सकाळी ते निपचित पडलं होतं. कढीपत्त्याखाली खड्डा काढला आणि मी मनात णमोकार म्हटला. जन्माला न आलेल्या जीवासाठी म्हटला, की आम्ही मजा म्हणून वाट बघत बसलो होतो त्यासाठी, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

राहिलेल्या सहांनी घर ताब्यात घेतलं. पसरट बशीत पाणी, बुडू नयेत म्हणून त्यात खडे, आणि तांदळाच्या कण्या. नातवानं सगळ्यांना नावं ठेवली आणि सुट्टी संपल्यावर गावी गेला. दोन महिने होत आले तसे दोघांचे तुरे लाल व्हायला लागले. चार तलंगा आणि दोन कोंबडे, असा हिशोब निघाला. वहिनी सहज बोलून गेल्या, “तलंगा ठेवीन. कोंबडे जत्रेला होतील.”

मला रात्री झोप आली नाही. यशोधर राजाची गोष्ट आपण सगळ्याजणींनी लहानपणी ऐकली आहे. दहाव्या शतकात सोमदेवसूरींनी संस्कृतात आणि पुढे जन्नानं कन्नडमध्ये ती सांगितली. देवीला बळी द्यायचा म्हणून आई चंद्रमतीनं हट्ट धरला. राजाला जीव मारायचा नव्हता, म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याच्यावर सुरी चालवली. रक्ताचा थेंब सांडला नाही, तरी मायलेकरं जनावरांच्या योनींतून भटकली आणि एका जन्मात तर कोंबड्यांच्याच जोडीत आली. हेतू हिंसेचा होता म्हणून. ही गोष्ट मी किती मुलांना सांगितली असेन! सांगताना मनात कायम एक समाधान असायचं, की आपला हेतू स्वच्छ आहे, आपण सुटलो.

त्या रात्री ते समाधान टिकलं नाही. संकल्पी हिंसा मी केली नव्हती, खरं आहे. पण आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना अशी तीन दारं सांगितली आहेत. जागा मी दिली, कण्या मी टाकल्या, कौतुक मी केलं. सहा अंड्यांतून साधारण निम्मे नर निघणार, हे कळायला शास्त्र वाचावं लागत नाही. नराचं पुढं काय होतं, हेही मला माहीत होतं. मी फक्त तिकडे बघत नव्हते. पिठाच्या कोंबड्यात जीव नव्हता आणि हेतू होता. माझ्या परसात जीव होता, आणि मी हेतू नाही म्हणत होते.

सकाळी वहिनींना म्हटलं, “दोन्ही कोंबडे मला विकत द्या.” त्या हसल्या. म्हणाल्या, “देते की. पण काकू, त्याच पैशात मी पुढच्या खेपेला आणखी बसवीन. मग?” जरा थांबून म्हणाल्या, “राग मानू नका, आम्ही खायला वाढवतो ते सांगून वाढवतो. तुम्ही बघायला वाढवलंत.”

राग आला नाही असं नाही. पण बाईचं बोलणं खरं होतं. आणि त्यामागून दुसरं खरं आलं. आपण दूध पितो, तूप देवापुढच्या दिव्यात घालतो. म्हैस व्यायली आणि रेडकू नर निघालं, तर ते कुठे जातं, हे आपल्यातल्या किती घरांनी विचारलंय? अंड्यांच्या कोंबड्यांच्या मोठ्या उबवणी केंद्रांत नर पिल्लं पहिल्याच दिवशी मारतात. जर्मनीनं २०२२ पासून त्याला कायद्यानं बंदी घातली. कोरी अंडी कुठे गेली हे न विचारणारी मी आणि रेडकाचं न विचारणारी मी, एकच बाई.

कोंबडे मी घेतले. घेतल्यावर कळलं, की जीव वाचवणं हा एका दिवसाचा प्रकार नाही. दोघं रक्त येईपर्यंत भांडतात, म्हणून वेगळे कोंडावे लागतात. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिलाच बंध आहे! मोकळे सोडले तर वाळवी आणि किडे टिपतात. सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या घराच्या अंगणात ही रोजची हिंसा चालते. पहाटे चारला आरवतात, मागच्या गल्लीतून तक्रार येते. यात कुठे शुद्ध जागा आहे, ते मला सापडलेलं नाही. एवढं मात्र कळलं, की जीव जन्माला घालण्यात हात घातला, तर तो मरेपर्यंतचा खर्च आणि दोष आपल्या वहीत मांडायचा. आनंद आपला आणि पुढचं वहिनींचं, असं चालत नाही.

परवा नातवाचा फोन आला. “आज्जी, मे महिन्यात परत बसवायची ना?” मी त्याला नाही म्हटलं आणि का, तेही सांगितलं, दोन कोऱ्या अंड्यांपासून जत्रेपर्यंत सगळं. आठ वर्षांच्या पोराला हे सांगू नये, असं माझी सून म्हणते. तिचंही बरोबर असेल. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मग मी आलो की त्या दोघांची खोपी मी झाडीन.”