खड्ड्यात पडलेले मेंढरू



असिसीकर संत फ्रान्सिस ह्यांचा सण (4 ऑक्टोबर) जवळ आला की आपल्याला पशुपक्ष्यांची आठवण होते. आज आपण प्रयोगशाळेतल्या मुक्या जिवांची आठवण करू या.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. बाळ आईला बिलगते ते केवळ दुधासाठी, असे त्या काळी अनेक तज्ज्ञ मानत. हार्लो ह्यांनी ऱ्हीसस माकडांची पिल्ले जन्मानंतर काही तासांतच आईपासून तोडली आणि त्यांना दोन खोट्या 'आया' दिल्या. एक तारेची, दूध देणारी. दुसरी मऊ कापडाची, दूध नसलेली. पिल्ले तारेकडे पोटापुरती जात आणि बाकी बहुतेक वेळ कापडाला घट्ट बिलगून राहत. 1958 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाळाला कुशीचीही भूक असते, हे त्यातून दिसले.

परंतु प्रयोग तिथे थांबले नाहीत. काही पिल्लांना सहा महिने, तर काहींना वर्षभर एकटे कोंडण्यात आले. बाहेर आल्यावर ती स्वतःला कवटाळून डोलत बसत, स्वतःलाच चावत. पुढे नैराश्याच्या अभ्यासासाठी माकडांना वर चढता येऊ नये अशा खोल पोलादी पिंजऱ्यात ठेवले गेले. त्याला 'निराशेचा खड्डा' म्हटले गेले.

खड्डा म्हटले की मत्तयच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय आठवतो. शब्बाथाच्या दिवशीही खड्ड्यात पडलेल्या मेंढराला मालक वर काढतोच, असे प्रभू येशू सांगतो. माणूस मेंढराहून मोलाचा आहे, हेही तो तिथेच सांगतो. पण माणूस मोलाचा, म्हणून मेंढराला खड्ड्यात लोटावे, असे तो कुठेही म्हणत नाही.

मग प्राण्यांवर प्रयोग करूच नयेत काय? आपण प्रामाणिक राहू या. पोलिओची लस तयार करताना भारतातून गेलेली हजारो ऱ्हीसस माकडे वापरली गेली. ही निर्यात आपल्या सरकारने 1978 साली बंद केली. पण आपली लेकरे आज धडपणे चालतात, त्यात त्या माकडांचाही वाटा आहे. मानवी जीव वाचवण्यासाठी वाजवी मर्यादेत केलेले प्रयोग ख्रिस्तसभा मान्य करते. मात्र प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, अशीच तिची शिकवण आहे.

मर्यादा कुठे आखावी? अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात घरटे सापडलेल्या माणसासाठी नियम आहे: पिल्ले घेतलीस तरी त्यांच्या आईला जाऊ दे. देवाने उपयोगाची मुभा दिली, पण हावेला कुंपण घातले.

मनाच्या अभ्यासात हे कुंपण अधिकच जपायला हवे. माकडाचे मन आपल्या मनासारखे, म्हणून तर ते प्रयोगाला निवडले जाते. आणि आपल्यासारखे, म्हणूनच ते एकटेपणाने खचते. ज्या साम्याचा आपण फायदा घेतो, त्याकडे दुःखाच्या वेळी डोळेझाक कशी करायची?

आपल्या धर्मग्रामातील काही मुले-मुली मानसशास्त्र, औषधशास्त्र शिकत आहेत. त्यांनी निर्भयपणे विचारावे: हा प्रयोग खरोखर गरजेचा आहे काय? दुसरा मार्ग नाही काय? आणि आपण घरी, चतुराच्या शेपटीला दोरा बांधणाऱ्या आपल्या लहानग्याचा हात प्रेमाने धरावा. दयेचा पहिला धडा तिथेच मिळतो.

हे प्रभो, तू आमच्या हाती सोपवलेल्या मुक्या जिवांचा हिशेब द्यायला आम्हांला लाज वाटू नये, असे आमचे जीवन घडव. आमेन.