खरेपणाचा खर्च

“मराठी आणि ख्रिश्चन? म्हणजे मूळचे गोव्याचे का तुम्ही?”

मंडळाच्या कार्यक्रमात नवी ओळख झाली की हा प्रश्न हमखास येतो. नाही हो, मी पक्का नगरचा! २०२४ मध्ये सरकारदरबारी नाव अहिल्यानगर झालं, पण आमच्या जिभेवर अजून नगरच आहे. अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ १८४२ साली याच गावातून सुरू केलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांचाही या गावाशी जवळचा संबंध. लहानपणी रविवारी चर्चमध्ये पेटी-तबल्यावर आम्ही त्यांचीच भजनं म्हणत असू आणि नाताळाला आईच्या हातच्या करंज्या-चकल्या आळीभर पोचवत असू. मराठीपण आणि ख्रिस्तीपण यांच्यात भांडण असतं, असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

यंदा स्मरणिकेच्या संपादकांनी “श्रद्धा आणि रोजचं जगणं यावर काहीतरी लिहाच” अशी गळ घातली. धर्मशास्त्र हा काही माझा प्रांत नाही. मी आय.टी. कन्सल्टंट. तासांवर पैसे घेणारा माणूस! पण विचार केला, रोजचं जगणं म्हणजे तरी काय? तास, पैसे, ईमेल, मुलांची शाळा, शेजारी, मंडळ. श्रद्धेला जर यात जागा नसेल, तर ती रविवारच्या कोटासारखी सोमवारी कपाटात टांगलेलीच राहणार. आणि ही अडचण एकट्या ख्रिस्ती माणसाची नाही. अरणचे सावता माळी मळ्यात काम करतानाच विठ्ठलाला भेटत, असं आपण अभिमानाने सांगतो. मग आपल्या मळ्यात, म्हणजे क्युबिकलमध्ये, आपल्याला कोण भेटतं?

रोजच्या जगण्यात खरेपणाच्या परीक्षा लहानच असतात. टाइमशीटमध्ये साडेसहा तासांचे आठ करायचे का? प्रोजेक्ट रखडलंय हे ठाऊक असताना स्टेटस रिपोर्टमध्ये हिरवा रंग द्यायचा का? पाच वर्षांखालील मुलांना तिकीट माफ असलं, तर आपला मुलगा सलग तीन गणेशोत्सवांत चार वर्षांचाच ठेवायचा का? (हसू नका, खजिनदारांना विचारून पाहा!)

या प्रश्नांची उत्तरं तशी सोपी आहेत. खोटं बोलू नये. हे कळायला बायबल वाचावं लागत नाही, आपल्या सगळ्यांच्या आज्यांनी ते सांगून ठेवलंय. पण माझ्या मते खरा अवघड प्रश्न याच्यानंतर सुरू होतो. मी खरं बोललो, ठीक. त्या खरं बोलण्याची किंमत कोणी मोजली?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे झाकून सांगतो. परिचयातल्या एका कुटुंबाचा मुलगा इथे मास्टर्स करून बाहेर पडला. विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर नोकरीसाठी जी परवानगी मिळते, ती ओ.पी.टी., त्याची सुरू झाली होती. ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांना नियम पाठ असेल. त्या पहिल्या वर्षात एकूण नव्वद दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. मुलाचे पंचावन्न दिवस संपले होते. एका कन्सल्टन्सीने त्याच्या बायोडेटात तीन वर्षांचा अनुभव ‘घालून’ दिला होता. आता हवा होता एक माणूस, जो फोन आला की “हो, हा माझ्या हाताखाली काम करत होता, हुशार आहे” एवढं सांगेल.

मुलाच्या वडिलांनी भारतातून मला फोन केला. शांतपणे, अजिजीने बोलले. कर्ज किती काढलंय ते सांगितलं. “सगळेच करतात, साहेब. तुम्हाला दोन मिनिटं लागतील.” मी नाही म्हणालो. कारणही सांगितलं. पलीकडे थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग ते म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. तत्त्व तुमचं, मुलगा आमचा.”

त्या वाक्यात राग नव्हता, पण हिशेब चोख होता. मी दोन मिनिटांत खरा ठरलो होतो. त्यात माझा एक डॉलरही खर्च झाला नव्हता. उरलेल्या पस्तीस दिवसांचं बिल मात्र त्या मुलाच्या नावावर निघालं होतं.

इथे मला येशूने सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आठवते. तुमच्यापैकी जे कॉन्व्हेंटमध्ये शिकले त्यांनाही ती आठवेल. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर चोरांनी एका माणसाला लुटून, मारून, अर्धमेला करून टाकलेलं असतं. एक याजक येतो, बघतो आणि पलीकडच्या कडेने निघून जातो. मग एक लेवी येतो, तोही तसाच जातो. शेवटी येतो शोमरोनी, म्हणजे यहुदी लोक ज्यांना परके आणि धर्मभ्रष्ट मानत त्यांच्यातला एक. तो थांबतो, जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेतो.

लहानपणी आम्हाला याजक म्हणजे दुष्ट माणूस वाटायचा. आता तसं वाटत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात याजकाला, अगदी जवळचे नातेवाईक सोडले तर, प्रेताला शिवायची मनाई होती. हा माणूस मेलेला निघाला तर आपल्याला विटाळ होईल, असं त्याच्या मनात आलं असावं, असं अनेक जण म्हणतात. गोष्टीत तसं सांगितलेलं नाही, पण शक्य आहे. म्हणजे तो कदाचित नियम पाळणाराच होता. त्याचे हात स्वच्छ राहिले. रस्त्यावरचा माणूस रस्त्यावरच राहिला.

शोमरोन्याचा जमाखर्च बघा. तेल आणि द्राक्षारस त्याचा. वेळ त्याचा. उतारशाळेच्या मालकाला तो दोन दिनार देतो. एक दिनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची मजुरी. आणि जाताना सांगतो की वर जे काही लागेल ते परत येईन तेव्हा देईन. आमच्या धंद्यात याला आकडा न भरलेली पर्चेस ऑर्डर म्हणतील आणि फायनान्सवाले ती कधीच मंजूर करणार नाहीत!

माझ्यापुरता मी या गोष्टीचा अर्थ असा लावतो. स्वच्छ राहणं हा धर्माचा निम्मा भाग झाला. स्वच्छ राहताना जो खर्च येतो, त्यातला आपला वाटा आपण उचलतो का, हा दुसरा निम्मा. पहिला निम्मा भाग लोकांना दिसतो आणि त्याचं कौतुकही होतं. दुसरा बहुतेक वेळा कोणाला दिसत नाही.

आमच्या मराठी ख्रिस्ती परंपरेतही हा हिशेब मांडून पाहता येतो. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मनाला पटलं ते लपवायचं नाही, ही त्यांची निष्ठा. त्यासाठी त्यांनी जात, नाती, मान सगळं पणाला लावलं. पण निर्णय त्यांचा एकट्याचा होता आणि त्याचं मोठं बिल आलं लक्ष्मीबाईंकडे. लहान मुलाला घेऊन, नातेवाइकांच्या आधाराने, लोकांचे बोल ऐकत त्यांनी नवऱ्यावाचून काही वर्षं काढली. पुढे दोघं एकत्र आली आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनी, नवऱ्याच्या मागे फरपटत नव्हे तर स्वतःच्या विचाराने, बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हे सगळं इतकं हसतखेळत लिहिलंय की वाचताना तो खर्च विसरायला होतं. टिळक चुकले असं मी म्हणत नाही, मी त्यांच्याच भजनांवर वाढलो आहे. पण एखाद्याच्या सत्यनिष्ठेची गोष्ट सांगताना तिच्या खर्चात ज्यांची भर पडली त्यांचं नावही घ्यावं, एवढंच.

दुसरं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. आपल्या अमेरिकेतल्या मराठी माणसांशी त्यांचं जुनं नातं आहे. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, तेव्हा, १८८६ साली, त्या समारंभासाठी रमाबाई इथे आल्या होत्या. त्यांच्या धर्मांतरावर आणि शारदा सदनावर पुण्यात वादळ उठलं, त्यात आज शिरायला नको. मला महत्त्वाचा वाटतो तो १८९६-९७ चा दुष्काळ. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंनी आई-वडील गमावले होते. दुष्काळ म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तीमध्ये या बायका राहिल्या, शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. नुसता उपदेश केला असता तर तो फुकटात झाला असता. रमाबाईंनी आपलं उरलेलं आयुष्य, १९२२ पर्यंत, त्या खर्चाला घातलं.

एवढ्या मोठ्या माणसांनंतर आपली गोष्ट सांगायला संकोच वाटतो. शिवाय दान करताना तुतारी वाजवू नये अशी येशूची ताकीद आहे! पण त्या मुलाचं पुढे काय झालं हे सांगायलाच हवं, कारण त्यात तुतारी वाजवावी तर ती माझ्यासाठी नाहीच.

त्या फोननंतर मी आणि बायकोने बसून ठरवलं की आपल्या ‘नाही’मधला आपला वाटा भरायचा. दर शनिवारी मुलगा आमच्याकडे यायचा. खोटी तीन वर्षं काढून टाकून खरा, एक पानी बायोडेटा केला. डेटाबेसचे प्रश्न घोटून घेतले. जेवायला पोळी-भाजी आणि नगरची शेंगदाण्याची चटणी. पण या सगळ्याने दिवस मोजणारं घड्याळ थांबत नव्हतं. ते थांबवलं आपल्या मंडळातल्या एका गृहस्थांनी. संकष्टीचा उपास न चुकवणारा हा माणूस मुलाला फारसा ओळखतही नव्हता. त्यांनी विद्यापीठाच्या कार्यालयात चौकशी करायला लावली. आपल्या विषयाशी निगडित असं काम आठवड्याला किमान वीस तास बिनपगारी केलं तरी ओ.पी.टी.च्या त्या टप्प्यात ते नोकरीत धरलं जातं, हे त्यातून कळलं. मग एका धर्मादाय संस्थेच्या देणगीदारांची माहिती नीट लावण्याचं खरंखुरं, कायद्यात बसणारं काम त्यांनी शोधून दिलं. स्वतः कामावरून येऊन रात्री त्याच्या मुलाखतींची तालीम घेतली. झोप त्यांची मोडली.

चौथ्या महिन्यात मुलाला नोकरी लागली. लहान गाव, पगार बेताचा. खोट्या तीन वर्षांवर कदाचित दीडपट मिळाला असता. त्याचे वडील माझ्याशी अजून जेवढ्यास तेवढंच बोलतात. खरेपणाचं फळ गोड असतं वगैरे मी म्हणणार नाही. कधी असतं, कधी नसतं.

पण गंमत बघा. येशूच्या गोष्टीत शेजारधर्म पाळणारा माणूस ऐकणाऱ्यांच्या धर्माचा नव्हता. आमच्या गोष्टीतही नव्हता. ‘माझा शेजारी कोण?’ असं एका शास्त्र्याने येशूला विचारलं, त्यावर ही गोष्ट सांगितली गेली. आणि गोष्ट संपल्यावर येशूने प्रश्नच उलटवला. त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? शेजारी हा शोधायचा नसतो, व्हायचं असतं. ख्रिस्ती जगणं म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर मी आधी त्या संकष्टीवाल्या मित्राकडे बोट दाखवीन. त्याला हे फारसं आवडणार नाही, ही गोष्ट वेगळी!

तेव्हापासून कामाच्या ठिकाणी मी स्वतःला एक जास्तीचा प्रश्न विचारतो. स्टेटस रिपोर्टला लाल रंग द्यायचाच, पण तो दिल्यावर बॉस कोणावर ओरडणार आहे? बहुधा टीममधल्या सर्वांत ज्युनियर टेस्टरवर. मग त्या मीटिंगला मी स्वतः हजर असतो आणि ‘उशीर का झाला’ याचं उत्तर मी देतो. टाइमशीटमध्ये खरे तास लिहायचेच, पण त्यामुळे प्रोजेक्टचं बजेट संपून कोणा कंत्राटी माणसाचा आठवडा कापला जाणार असेल, तर क्लायंटशी अवघड बोलणं करायची पाळी माझी. घर साफ करायला येणाऱ्या बाईंना आम्ही परगावी गेलो त्या आठवड्याचे पैसे द्यायचे, कारण सुट्टी आमची होती, भाडं त्यांचं थांबलेलं नसतं. यात थोर काही नाही. दोन-दोन दिनारांचेच खर्च आहेत हे.

आपण सगळे इथे चांगले स्थिरावलो आहोत. तत्त्वाने वागणं आपल्याला आता पूर्वीपेक्षा परवडतं. नव्वद दिवस मोजणाऱ्याला, नुकतंच ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहिलेल्याला ते तितकं परवडत नाही. म्हणून त्याच्यापुढे खरेपणाचा आग्रह धरताना आपला खिसा, आपला शनिवार, आपली झोप यांतलं काहीतरी सोबत द्यावं. देवाला कोणत्या नावाने हाक मारायची ते ज्याचं त्याने ठरवावं. पुढच्या वेळी कोणाला ‘नाही’ म्हणाल, आणि ते म्हणणं बरोबरही असेल, तेव्हा फोन ठेवायच्या आधी एवढं विचारा, “मग आता मी काय करू शकतो?”