ख्रिस्ताच्या नावाखालचे उंदीर

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जपलेल्या ‘बुक ऑफ केल्स’ या शुभवर्तमानांच्या सचित्र हस्तलिखितातलं एक पान जगप्रसिद्ध आहे. इसवी सन 800च्या सुमारास, सेंट कोलंबाच्या परंपरेतल्या मठवासीयांनी वासराच्या कातड्यावर रंगवलेलं. मॅथ्यूच्या शुभवर्तमानात येशूची जन्मकथा सुरू होते, तिथे ख्रिस्ताच्या नावाची ग्रीक आद्याक्षरं जवळजवळ सगळं पान व्यापतात. वेटोळ्यांत वेटोळी, हरताळाचा झगमगता पिवळा. सोनं मात्र कुठेच वापरलेलं नाही.

मोठी माणसं त्या भव्य अक्षरापाशीच थबकतात. मुलांची नजर खाली जाते. तळाशी दोन उंदीर एका पांढऱ्या चकतीची ओढाताण करताहेत. मागे दोन मांजरं बसली आहेत आणि त्यांच्या पाठीवर आणखी एकेक उंदीर! शेजारी तोंडात मासा धरलेलं काळं पाणमांजर. मग वाद रंगतो. ती भाकरी आहे का? मांजरं झडप का घालत नाहीत? देवाच्या पुस्तकात उंदीर कशाला?

अभ्यासकही इथेच अडतात. ती चकती म्हणजे प्रभुभोजनातली पवित्र भाकरी, असं अनेकांना वाटतं. मग हे उंदीर चोर की भुकेले भक्त? येशूच्या रूपाने देवाने देह धारण केला, हे मनापासून मानणारा चित्रकार भुकेल्या जिवांना पानाबाहेर कसा ठेवील? पाखंडी म्हणून या उंदरांकडे बघणं चुकीचंच वाटतं.

मुलांना इथे तयार उत्तर देऊ नये. त्यापेक्षा वरच्या बाजूला दडलेले दोन पतंग शोधायला सांगावेत. नवे प्रश्न तीच काढतील.