मोडलेल्या मनाचे गाणे कुणाचे?



२६ जानेवारी २०२५ हा दिवस रविवारी आला होता. सकाळी मिस्सा झाला, झेंडावंदन झाले, आणि संध्याकाळी आपल्या युवकांपैकी चार-पाच जण एका घरात मोबाईलभोवती डोकी जमवून बसले. अहमदाबादच्या स्टेडियमवर कोल्डप्ले या इंग्लंडच्या बँडचा कार्यक्रम चालू होता आणि तो हॉटस्टारवर थेट दाखवला जात होता. त्याआधी १८, १९ आणि २१ जानेवारीला हाच बँड नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर गाऊन गेला होता. तिथे जायचे म्हणजे तिकिटाचे पैसे, मलकापूरहून रात्रीची गाडी आणि वर राहण्याचा खर्च. मोताळ्याच्या पोरांना हे कुठले परवडायला? म्हणून मोबाईल. मधूनच रेंज जाई, चित्र थांबे, आणि गाणाऱ्याचे तोंड तसेच उघडे राही. आम्ही सहज डोकावलो आणि तासभर बसून राहिलो.

कार्यक्रम संपल्यावर एक मुलगा म्हणाला, “काका, ही नाचायची गाणी झाली. त्यांची खरी रेकॉर्ड ऐकायची तर ती जुनी ऐका.” आणि त्याने ती आमच्या मोबाईलवर लावून दिली.

रेकॉर्डचे नाव ‘घोस्ट स्टोरीज’, म्हणजे भुतांच्या गोष्टी. ती मे २०१४ मध्ये निघाली. त्यात नऊ गाणी आहेत. त्यांच्या या प्रकाराला अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात. रॉक म्हटले की आपल्याला दणदणाट आठवतो. पण इथे आवाज खालच्या पट्टीत आहे आणि वाद्ये बहुतेक वेळ मागे, घरात कुणी आजारी असल्यासारखी. गायक ख्रिस मार्टिन याने डिसेंबर २००३ मध्ये ग्वेनेथ पॅल्ट्रो या अभिनेत्रीशी लग्न केले. दोन मुले झाली. मार्च २०१४ मध्ये दोघांनी वेगळे होत असल्याचे जाहीर केले आणि दोन महिन्यांत ही रेकॉर्ड बाजारात आली. मुखपृष्ठावर देवदूताचे दोन पंख आहेत. ते असे मांडले आहेत की त्यांचे एक भंगलेले हृदय दिसते. विवाह संस्काराविषयी ख्रिस्तसभेची शिकवण आपण सारे जाणतो. त्या दोघांचा निवाडा करायला आम्ही इथे बसलेलो नाही. आमचा प्रश्न गाण्यांबद्दलचा आहे.

इंग्रजी आमचे बेताचेच. भाच्याने शेजारी बसून अर्थ सांगितला. पहिल्या गाण्यात ती गेलेली स्त्री सतत डोक्यात आहे. पुढे एका गाण्यात रात्रीचा टीव्ही चालू आहे आणि शेजारची जागा रिकामी आहे. शेवटच्या गाण्यात प्रेमाची तुलना उडून जाणाऱ्या पक्ष्यांच्या थव्याशी केली आहे. ऐकताना आम्हाला, खरे सांगतो, गलबलून आले. ज्यांनी घरात मृत्यू पाहिला आहे किंवा एखाद्याचे जाणे सोसले आहे, त्यांना ती रिकामी जागा ओळखीची वाटेल.

पण नववे गाणे संपल्यावर लक्षात आले की ज्या स्त्रीविषयी हे सारे आहे, ती कुठेच बोलत नाही. ती आठवण आहे, ती भूत आहे, ती कमी आहे. पण तिला तोंड नाही. संसार दोघांचा होता आणि तो मोडल्याचे गाणे मात्र एकाचे. ते लाखो घरांत वाजले. गाणी निघण्याआधी तर त्यांच्या हस्तलिखित ओळी नऊ देशांतल्या ग्रंथालयांत भुतांच्या गोष्टींच्या पुस्तकांत लपवून ठेवल्या होत्या आणि चाहत्यांनी त्या शोधून काढायच्या होत्या. दुःख खरे होते, पण त्याची जाहिरातही झाली. हे आम्हाला थोडे खटकले.

कुणी म्हणेल, गाणे म्हणजे काही कोर्ट नव्हे, की दोन्ही बाजू ऐकून घ्याव्यात. ज्याचे दुखते तो ओरडतो. हे मान्य आहे. आपल्या स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रे अशीच आहेत. गाणारा रडतो, तक्रार करतो, वैऱ्यांच्या नावाने बोटे मोडतो, आणि वैऱ्याची बाजू तिथे कुणी विचारत नाही. तरीही लहानपणी पापनिवेदनासाठी तयारी करून घेताना आपल्याला एक साधी गोष्ट शिकवलेली असते: स्वतःची पापे सांगायची, शेजाऱ्याची नाहीत. नवऱ्याच्या दारूबद्दल सांगू लागलेल्या बाईला आणि बायकोच्या तोंडाळपणाबद्दल सांगू लागलेल्या बाप्याला फादर हळूच म्हणतात, “ते राहू द्या, तुमचे काय?” मोडलेल्या मनाच्या गाण्यालाही हाच प्रश्न विचारून पाहावा असे आम्हाला वाटते. गाणारा स्वतःचे सांगतो आहे, की दुसऱ्याचे?

या कसोटीवर ‘घोस्ट स्टोरीज’ बरीचशी टिकते. गाणारा स्वतःच्या रिकामेपणाबद्दल बोलतो. तिच्यावर चिखल फेकत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या त्यांच्या पुढच्या रेकॉर्डवर ‘एव्हरग्लो’ नावाचे गाणे आहे. नाते संपल्यावरही मागे उरलेल्या उजेडाविषयीचे. त्या गाण्यात मागे एका स्त्रीचा आवाज येतो, तो ग्वेनेथ पॅल्ट्रोचाच आहे. भाच्याने हे सांगितल्यावर आम्ही ते गाणे पुन्हा लावायला सांगितले. आवाज अगदी बारीक आहे, लक्ष दिले नाही तर कळतही नाही. पण ती गायला आली, आणि त्याने तिला गायला बोलावले. संसार काही त्यामुळे सांधला गेला नाही. पहिल्या रेकॉर्डमध्ये नसलेले एक माणूस मात्र दुसरीत आले.

सगळ्यांनाच ही कसोटी एकाच तराजूत लावता येईल का? आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसून गात. दिवसभर ज्या सुनेला सासूसमोर तोंड उघडायची सोय नव्हती, ती अंधारात दगडाशी बोले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन पुण्यात राहिलेले गी प्वाटव्हँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माहेर तुटल्याचे, नवऱ्याने टाकल्याचे, सवत आणल्याचे दुःख त्यांत आहे. नवऱ्याची बाजू त्यांत नाही, आणि नाही ते ठीकच आहे. त्याची बाजू सांगायला ओटा होता, चावडी होती, पंच होते. तिच्याकडे जाते होते. आणि ऐकणाऱ्या होत्या जात्याच्या दुसऱ्या खुंट्याला हात लावणारी जाऊ, किंवा भिंतीपलीकडची शेजारीण. आता पिठाच्या गिरण्या आल्या, ते बरेच झाले. जात्याने हाताला फोड येत, हे ओव्यांचे कौतुक करताना आपण विसरतो. पण कुणाच्या हातात भोंगा आहे आणि कुणाच्या हातात जात्याचा खुंटा आहे, हे पाहिल्याशिवाय दुःखाच्या गाण्याचा न्याय करू नये एवढे आम्हाला त्यातून कळते.

इथे लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. टिळक दांपत्य आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते, पण मराठी ख्रिस्ती माणसाला ते परके कधी वाटले नाहीत. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या चरित्रात हा दिवस विजयाचा आहे. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात तो आभाळ कोसळल्याचा दिवस होता. नवरा जिवंत आहे आणि नाहीही. कुंकू पुसायचे नाही, पण संसारही नाही. जवळ लहान मुलगा. काही वर्षे त्या नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. मग त्या नगरला टिळकांकडे गेल्या. पुढे स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या.

त्या वेळी त्यांचे कुणी ऐकून घेतले असते तर त्यांनी काय सांगितले असते? आपण ते ऐकू शकतो, कारण पुढे त्यांनी लिहिले. टिळक १९१९ मध्ये गेले आणि ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत आली. म्हणजे ज्याच्यामुळे मन मोडले होते, तो उत्तर द्यायला उरला नव्हता. लक्ष्मीबाईंना काहीही लिहिता आले असते. त्यांनी टिळकांचा संताप लिहिला, कुणालाही न सांगता घरातून निघून जाणे लिहिले, हातातले पैसे दुसऱ्याला देऊन टाकून घरी उपास घडवणे लिहिले. काहीच झाकले नाही. पण वाचताना टिळकांवर राग धरवत नाही. कारण ज्या लेखणीने त्यांनी टिळकांना उघडे केले, तिनेच स्वतःलाही केले: आपला हट्ट, आपले भाबडेपण, फजिती. आणि जो माणूस त्यांना इतका छळून गेला, त्याचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ काव्य त्यांनीच पुरे केले. आम्हाला वाटते, मराठीत मोडलेल्या मनाची याहून प्रामाणिक कहाणी दुसरी नसेल. आणि ती हसत हसत सांगितलेली आहे.

याच्या उलट एक गोष्ट, आणि ती एका महान संताची आहे. संत ऑगस्टीन यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस आपली ‘कबुली’ लिहिली. तरुणपणी ते एका स्त्रीबरोबर पंधरा-एक वर्षे राहिले. त्यांना मुलगा झाला, त्याचे नाव अदेओदातुस. पुढे चांगल्या घराण्यातली मुलगी ठरली, म्हणून त्या पहिल्या स्त्रीला आफ्रिकेला परत पाठवण्यात आले. मुलगा बापाकडे राहिला. ऑगस्टीन लिहितात की त्यांचे तिच्यात गुंतलेले काळीज फाटले आणि त्यातून रक्त वाहिले. लगेच हेही कबूल करतात की तिने पुन्हा कुणा पुरुषाचे तोंड न पाहण्याची शपथ घेतली, आणि स्वतः त्यांना मात्र लग्नापर्यंतचा काळही काढवला नाही, त्यांनी दुसरी स्त्री ठेवली. असे स्वतःविरुद्ध लिहिणारा माणूस विरळा. पण त्यांनी मुलाचे नाव दिले आणि तिचे दिले नाही. तिची अब्रू राखायला दिले नसेल, किंवा लिहिताना त्याची गरजच वाटली नसेल. सोळाशे वर्षे झाली, त्या बाईचे नाव कुणाला ठाऊक नाही. ती बोटीत बसली तेव्हा तिचा मुलगा किनाऱ्यावर होता का, हेही नाही.

आता एक जवळची गोष्ट. ती काही वर्षांपूर्वीची आहे, दोन्ही घरे आता इथे नाहीत, आणि ओळख पटू नये म्हणून आम्ही तिच्यात थोडा बदल केला आहे. तेव्हा कुणी अंदाज बांधत बसू नये.

एक साखरपुडा मोडला. कापसाची वेचणी सुरू असताना ठरलेले लग्न तूर निघेपर्यंत राहिले नाही. मुलाने मनाला फार लावून घेतले. दररोज रात्री तो व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर एक गाणे ठेवी. धोका, बेवफाई, रडणारा डोळा, मोडलेले हृदय. हिंदी असे, मराठी असे, एकदा इंग्रजीही होते. सकाळी बसस्टँडवर त्याची चर्चा होई. दुसऱ्या एका लग्नात हळदीच्या रात्री त्याच्या मित्रांनी डीजेवाल्याला सांगून तसलेच गाणे लावले आणि मुलीच्या मामाच्या तोंडाकडे पाहून नाचले. कुणी काही बोलले नाही. महिन्याभरात सगळ्यांना पक्के ठाऊक झाले की दोष मुलीचा होता. कसे ठाऊक झाले? तिने एक शब्द उच्चारला नव्हता. तिच्या स्टेटसवर काही नव्हते, कारण घरच्यांनी तिचा मोबाईलच काढून घेतला होता.

लग्न का मोडले, हे आम्हाला आजही माहीत नाही. मुलगा खोटे रडत होता असे आम्ही म्हणत नाही. तो रात्र रात्र जागा असे हे त्याच्या आईने सांगितले आहे. त्याच्या घरी आम्ही दोनदा गेलो. चहा घेतला, खांद्यावर हात ठेवला, देव दुसरे दार उघडील असे म्हणालो, त्याच्यासाठी प्रार्थना केली.

मुलीच्या घरी जायचे ठरवले होते. मध्ये पाऊस लागला, मग पेरण्या आल्या. एकदा आठवडी बाजारात तिची आई दिसली. मिरच्या निवडत होती. आम्हाला पाहून तिने पदर सारखा केला आणि थोडा वेळ वाट पाहिली, आम्ही काही बोलतो का म्हणून. आम्ही भाव विचारला आणि पुढे गेलो.