वठलेला साग
यवतमाळ जिल्ह्यातील कळंबनजीकच्या सागवनात आम्हांस सोनपाठी सुतार दिसला; साळुंकीहून मोठा, लाल तुऱ्याचा. वठलेल्या सागाला बिलगून, शेपटीचा टेकू घेऊन तो चोच मारीत होता. हा झाडाचा वैरी, असा आमचा समज. वस्तुतः तो पोखरलेल्या लाकडातील अळ्या टिपतो. त्याने सोडलेल्या ढोलीत पुढे पोपट, पिंगळे संसार मांडतात. मग ते झाड निरुपयोगी कसे? आणि उपयोग हीच कसोटी का? प्रत्येक जीवाला देवाच्या दृष्टीने स्वतःचे मोल आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सांगितले. आम्हांस ते पटते. परतताना मात्र सरपणाची मोळी घेतलेली एक माउली भेटली. तिची चूल अशाच वठलेल्या लाकडावर पेटते. तिला हे सांगण्यास आमची जीभ रेटली नाही.